माळावरचे साप, पाण्यावरचे पक्षी : पोस्टरच्या फोटोंची कामवही

काम थोडक्यात असं. सीना नदीकाठच्या काही गावांत ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावायला दोन पोस्टरं हवी होती. एक सापांचं, ज्यात विषारी साप आणि त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी शेजारी-शेजारी असतील. दुसरं माळावरच्या आणि तलावावरच्या पक्ष्यांचं. तयार पोस्टरं बाजारात मिळतात, पण त्यांवर घाटातला हिरवा चापडा असतो आणि आमच्या बांधावरच्या डुरक्या घोणशीचा पत्ता नसतो. म्हणून अट घातली : फोटो सोलापूर जिल्ह्यातलेच आणि मोकळ्या जनावराचे. बरणीतला, पिशवीतला, हातात धरलेला साप चालणार नाही.

माणसं तीन. मी, माझा भाचा (ओम्नी गाडी त्याची) आणि वनविभागाकडे नाव नोंदवलेले आमचे सर्पमित्र, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. सामान : क्रॉप (लहान) सेन्सरचा एक कॅमेरा, लांबचं टिपणारी १५०-६०० मिमीची लेन्स (सेकंडहँड, ६२ हजार), जुनी ७०-३०० मिमीची, उसनी आणलेली १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स), एक फ्लॅश. खाली लिहिलंय ते असंच काम कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून.

१२ मे २०२४, नान्नज

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा कागदावर क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. पुढे ते १,२२२ वर आणलं. माळढोक आता इथे दिसला तर बातमी होते. पोस्टरवर त्याचं चित्र काढून घ्यायचं, फोटोच्या मागे लागायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. ज्याचा एखाद-दुसराच उरलाय त्याला कॅमेऱ्यासाठी उठवण्यात शहाणपण नाही.

आजचं लक्ष्य धाविक. टिटवीचाच भाऊबंद, तांबूस अंगाचा, डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी-काळी पट्टी. दोन-चार पावलं पळतो, थांबतो, मान ताठ करतो, पुन्हा पळतो. साडेआठला उघड्या मुरमावर जोडी दिसली. अंतर सत्तरेक मीटर. लेन्स ६०० मिमीवर, शटर १/२००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००.

घरी येऊन पाहिलं तर एकही फोटो धारदार नाही. डोळ्यावरची पट्टी पाण्यात कालवल्यासारखी. शटर १/४००० वर नेऊन काढलेलेही तसेच, ट्रायपॉडवरचेही तसेच, स्टॅबिलायझर (हाताचा कंप शोषणारी सोय) बंद करून काढलेलेही तसेच. सेकंडहँड लेन्स म्हटल्यावर संशय कुणावर जाणार? पुण्याला तपासायला पाठवली.

२ जून

लेन्स परत आली. चिठ्ठी : दोष नाही. तपासणी आणि कुरिअर मिळून २,३०० रुपये गेले, आणि धाविकाचे ऐन दिवस लेन्सशिवाय गेले ते वेगळेच.

मग जे पाठवायच्या आधी करायला हवं होतं ते केलं. गच्चीच्या कठड्याला वर्तमानपत्र चिकटवलं आणि समोरच्या गच्चीवरून, चाळीसेक मीटरवरून, पावणेसहाला फोटो काढला. बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. दुपारी एकला त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर काढला. मोठा मथळासुद्धा वेडावाकडा. लेन्स तीच, हवा वेगळी.

लांब लेन्स घेणाऱ्याने सोलापुरात हे पहिल्यांदा तपासावं. तापलेल्या जमिनीवरून हवा लाटालाटांनी वर चढते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकत राहतो. मधल्या हवेचा थर जितका जाड, तितका बिघाड जास्त. शटर वाढवून, ट्रायपॉड लावून, महागडी लेन्स आणून तो जात नाही, कारण बिघाड कॅमेऱ्यात नाहीच. उपाय दोनच : लवकर जा आणि जवळ बसा. मे-जूनमध्ये आमच्याकडे सूर्य पावणेसहा-सहाच्या दरम्यान उगवतो. साडेसातनंतर साठ-सत्तर मीटरवरचा फोटो काढायचा नाही, असा नियम केला.

१६ जून, नान्नज

रस्त्याच्या कडेला पावणेसहाला गाडी लावली, इंजिन बंद. ओम्नीचा सरकता दरवाजा हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार निघालं. दार सरकवलं, मागची सीट काढली, पोटावर आडवं पडलं की लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला येते. पायी माणूस दिसला की धाविक शंभर मीटरवरून पळतो. गाडीकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

गाडीतून काढताना दोन गोष्टी नडतात. एसीची गाडी असेल तर आतली गार आणि बाहेरची गरम हवा दारातच मिसळते आणि तिथेच चित्र बिघडतं. दहा मिनिटं आधी एसी बंद करून सगळ्या काचा खाली घ्यायच्या. ओम्नीत एसी नाही, हा प्रश्नच नाही. दुसरं, तापलेल्या बॉनेटवरून कधीही फोटो काढायचा नाही.

लेन्स टेकवायला जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवून तिच्यात चार किलो ज्वारी भरली. झकास बसते. (पुढे पावसाळ्यात तिला सोंडे लागले आणि गाडीभर किडे झाले. आता तिच्यात बारीक थर्माकोलचे मणी आहेत. वजनाला हलकी, पण जरा सरकते. ज्वारीची सर नाही.)

सव्वासहाला धाविक चरत-चरत अठरा मीटरपर्यंत आला. १/१६००, आयएसओ ८००. पापणीच्या कडेपर्यंत स्वच्छ. पोस्टरवरचा हाच.

साडेसातला निघताना मेंढरं घेऊन एक आजोबा आले.

"सायेब, सकाळधरनं हितं काय हुडकायलाव?"

भाच्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला.

"ह्ये व्हय! ह्येची अंडी उघड्यावरच असत्यात. मेंढरांच्या पायाखाली येत्यात म्हणून ह्या दिसांत आमी ती खडकाळ बाजू सोडतो."

आमचा बेत पुढच्या वेळी गाडी चाकोरी सोडून जरा आत घ्यायचा होता. तो तिथेच रद्द. आजोबांनीच पखुर्डी पक्ष्यांचं पाणवठ्यावर यायचं वेळापत्रक सांगितलं : ऊन जरा वर आलं की थव्याने येतात, मिनिटभर पितात, उडतात. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, ते आम्हाला पाहायचं होतं. पण उन्हाळ्याच्या शेवटी आसपास पाणी तेवढंच असेल तर तिथे गाडी लावून बसायचं नाही. पखुर्डी आल्या, गाडी पाहून फिरल्या, दुसऱ्यांदाही फिरल्या. आम्ही गाडी मागे घेतली तेव्हा उतरल्या. फोटो लांबचा आला, पोस्टरवर लहान छापण्यापुरता. पुरे.

२९ जून, अक्कलकोट रस्त्याकडचा खडकाळ माळ

जागा खासगी, मालकाला सांगून गेलो. अभयारण्यात रात्री जायचं नसतं आणि जाऊही नये. दोन दिवस बरा पाऊस झालेला. गमबूट, जाड पॅन्ट, प्रत्येकाकडे स्वतंत्र बॅटरी, खिशात फोन पूर्ण चार्ज. जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे का हे दुपारीच विचारून ठेवलेलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर चालणारं एकच इंजेक्शन असतं. पण ते दवाखान्यात असतं, अण्णांच्या बॅगेत नाही. दगडाखाली हात नाही, दगड उलटायचा नाही. जे उघड्यावर दिसेल तेवढंच.

नऊच्या सुमाराला फुरसं दिसलं. वीतभरापेक्षा थोडं मोठं, सपाट दगडाच्या कडेला. डोक्यावर बाणासारखी खूण, अंगावर दोन्ही बाजूंनी नागमोडी पांढरी रेघ. मी १०० मॅक्रो लावून गुडघ्यावर बसलो. मग हिशेब लक्षात आला. या लेन्सने डोकं चौकटभर घ्यायचं तर लेन्सचं तोंड सापापासून वीत-दीड वीत अंतरावर न्यावं लागतं. अण्णांनी मागून खांदा धरला. तोवर फुरशाने वेटोळी एकमेकांवर घासायला सुरुवात केली होती. खवल्यांची ती करकर एकदा ऐकली की विसरत नाही. आम्ही मागे झालो, बॅटरी खाली केली, दहा मिनिटांत ते दगडाआड गेलं. फोटो शून्य.

मॅक्रो लेन्स त्याच आठवड्यात परत केली. फुलपाखरांना ठीक, फुरशाला नाही.

६ जुलै, तोच माळ

आज ७०-३००. हिचं किमान फोकस-अंतर दीड मीटर. ३०० वर लावून तेवढ्या अंतरावरून क्रॉप सेन्सरमध्ये साधारण नऊ-दहा सेंटीमीटर रुंदीचा भाग भरतो, म्हणजे वेटोळं घातलेलं फुरसं बरोबर मावतं. घरी वर्तमानपत्रावर पट्टी ठेवून हे आधी मोजून घेतलं होतं. साप फार तर अर्धा मीटर लांबीचा, आम्ही दीड मीटरवर, मध्ये भरपूर जागा.

प्रकाशाचं मात्र जमेना. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ टाकला की खवल्यांचं खरबरीतपण सपाट होतं आणि मागे काळीकुट्ट सावली पडते. पुस्तकी उपाय म्हणून छत्री नेली होती, माळावरच्या वाऱ्याने ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी केली. शेवटी फ्लॅश तारेने कॅमेऱ्याला जोडला, तुरकाठीच्या टोकाला बांधला, त्यावर पांढऱ्या बनियनच्या कापडाचे दोन पदर गुंडाळले आणि अण्णांनी तो वरून, डाव्या बाजूने धरला. छिद्र एफ/११, शटर १/२००, आयएसओ ४००. सावली मऊ, खवल्यांची कडा दिसते, डोळ्याची उभी बाहुली दिसते. खर्च : तार ४५० रुपये. बनियन जुनंच होतं.

एका सापाला चार-पाचपेक्षा जास्त फ्लॅश मारायचे नाहीत. करकर सुरू झाली की उठायचं. वेळ सांगायला दुसरं घड्याळ लागत नाही.

९ ऑगस्ट, नागपंचमी

अण्णांना सकाळपासून कॉल. पावसाळ्यात तसेही येतात, आज लोकांचं लक्ष जास्त. एका वस्तीवर सरपणाच्या खोलीत नाग. अण्णांनी काढला, नोंद केली, जवळच सोडायला निघाले. सोबत आलेल्या एका हौशी फोटोग्राफरने सुचवलं, रात्रभर बरणीत ठेवू, सकाळी बांधावर सोडून फणा काढायला लावू, मागे सूर्य घेऊ. इंटरनेटवर दिसणारे फणा काढलेले बरेच नाग असेच 'जंगलात' भेटलेले असतात. अण्णा म्हणाले, "फणा काढला म्हणजे तो घाबरलाय. घाबरवून फोटो काढायचा असंल तर माझी गाडी सोडा, चालत या." सोडताना मी काढलेल्या फोटोत फक्त शेपूट आहे.

कायदाही सोपा आहे. साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पकडणं, बाळगणं, छळणं गुन्हा. फोटोसाठी केलं म्हणून सूट नाही.

पण त्या रात्री चर्चेतून पोस्टरचं एक मोठं कोडं सुटलं. प्रत्येक पोस्टरवर नाग फणा काढून उभा असतो. शेतकऱ्याला तो दिसतो पाला-पाचोळ्यातून सरळ जाताना, फणा न काढता, आणि तेव्हाच तो त्याला धामण समजतो. म्हणजे आम्हाला फणा नसलेला नाग हवा होता. जो फोटो काढायला लोक सापाला छळतात, त्याची आम्हाला गरजच नव्हती.

२५ ऑगस्ट

घराच्या ओसरीत कवड्या साप. बिनविषारी. मण्यार समजून रोज कुठे ना कुठे मारला जातो, म्हणून पोस्टरवर सगळ्यात महत्त्वाची जोडी हीच. मी जमिनीला गाल टेकवून, डोळ्याच्या रेषेत, देखणा फोटो काढला. अण्णांनी पाहिला आणि म्हणाले, यावरून तुझ्या मामीला कवड्या आणि मण्यार वेगळे सांगता येतील का?

येणार नाहीत. ओळख पाठीवर आहे. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पुढच्या भागात पुसट किंवा नसतातच, मागे ठळक होत जातात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. हे सगळं वरून दिसतं. डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो स्पर्धेला बरा, पोस्टरला कुचकामी.

तेव्हापासून प्रत्येक सापाचे दोनच फोटो : एक वरून, पाठ डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक बाजूने, डोकं आणि मान. मोनोपॉडला (एकपायी स्टँडला) कॅमेरा लावून तो आडवा पुढे धरायचा आणि दहा सेकंदांच्या टायमरवर वरून काढायचं, म्हणजे अंगावर वाकावं लागत नाही. पट्ट्यांची ओळखही सर्वस्व नाही, म्हणून पोस्टरवर मोठ्या अक्षरात टाकलं : ओळख पटली तरी हात लावू नका.

१५ सप्टेंबर, हिप्परगा

एकरूख तलाव, १८७१ मध्ये पूर्ण झालेला, तुळजापूर रस्त्यावर. काठच्या बाभळींवर सुगरणींची घरटी. ढगाळ हवा, म्हणून दुपारीही हवा स्थिर. इथे वेगळी अडचण : मागे पांढरं आभाळ, पुढे पिवळा पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) सव्वा-दीड स्टॉप वाढवलं, आभाळ जळू दिलं. काम झालं.

काठावर पाण्यात दिवड, तोंडात मासा. तीन मीटरवरून, तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. वर्षभरातला सगळ्यात सोपा सापाचा फोटो.

६ ऑक्टोबर, सीनाकाठ

दगडी विहिरीच्या कठड्याशी नाग, फणा नाही, सकाळच्या उन्हात. १५०-६०० ने साडेतीन मीटरवरून. डोकं गळ्यापेक्षा फारसं रुंद नाही, अंग तपकिरी, चकाकी आहे. शेजारच्या चौकटीत धामण टाकली : डोळा मोठा, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा. धामणीचा फोटो जुलैतला, उसाच्या सरीत, काहीसा हललेला. बदलायला दुसरी मिळाली नाही.

एका सापाचे डोळे दुधाळ निळसर दिसले तेव्हा लगेच निघालो. कात टाकायच्या आधी तसं होतं. तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडका असतो. फोटोही वाईटच येतो.

२३ नोव्हेंबर, नान्नज

भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) आले. हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच एकत्र रात्र काढतात. सूर्य पावणेसहाला मावळतो आणि ते उतरतात नेमके त्याच्या आगे-मागे, म्हणजे उजेड संपत असताना. १/२००० साठी आयएसओ १२,८०० लागला आणि पिसांची जागा कणांनी घेतली. १/६४० वर उतरून पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत काढायचा प्रयत्न केला, बहुतेक वाया. बरे आले ते उतरतानाचे नव्हेत, त्याआधी तासभर, उन्हात गवतावर खालून-खालून शिकार शोधताना काढलेले. मावळतीच्या सोनेरी उजेडाचा हट्ट सोडला तर भोवत्या कठीण पक्षी नाही.

गवतात ते जिथे बसतात तिथे पायी जायचं नाही. एकदा उठवले तर अंधारात दुसरी जागा शोधत फिरतात. जागेची खूण फोटोतून पुसून टाकतो. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं, ते सेटिंग आधी बंद करावं.

१५ डिसेंबर

थंडीत घोणस दिवसा ऊन घ्यायला येते हे अण्णांचं म्हणणं बरोबर निघालं. तुरीच्या बांधावर, साडेनऊला. पाठीवर गोल ठिपक्यांच्या तीन माळा, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार नाही, म्हणजे आम्ही बऱ्या अंतरावर होतो. वरून फोटो घ्यायला मोनोपॉडसुद्धा पुढे केला नाही. बांध कमरेएवढा उंच, पलीकडून उभ्यानेच वरचा कोन मिळाला.

जोडीला डुरक्या घोणस, जिला लोक घोणस म्हणूनच मारतात. बिनविषारी, ठिपके वेडेवाकडे, शेपूट आखूड आणि खरबरीत. ती महिन्याभरापूर्वीच मिळाली होती. मांडूळही मिळालं, पण कुठे ते या वहीत लिहिणार नाही. गुप्तधनाच्या नादात त्याची तस्करी चालते आणि जागा कळली की माणसं खोरी घेऊन पोचतात. पोस्टरवरही त्याच्याखाली गावाचं नाव नाही.

११ जानेवारी २०२५, उजनी, करमाळ्याची बाजू

रोहित पक्ष्यासाठी (फ्लेमिंगो) गेलो. धरणात पाणी भरपूर, चिखलाच्या उथळ पट्ट्या अजून उघड्या पडलेल्या नाहीत. रोहित उभा राहून, चोच उलटी करून चिखलात खातो, खोल पाण्यात त्याचं काय काम? लांब काही ठिपके दिसले. पेट्रोल, होडी, जेवण धरून २,८०० रुपये. परतताना हिप्परग्याला पट्टकादंब मिळाले, हरभऱ्याच्या रानात चरताना, डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या स्वच्छ. शेतमालक वैतागलेला होता, ते त्याचा हरभरा खात होते. त्याला पक्ष्यांचं कौतुक सांगायची ती वेळ नव्हती.

१६ मार्च, उजनी

पाणी उतरलं, रोहित आले. होडीवाल्या दादांनी इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने होडी ढकलत नेली. सरळ थव्यावर नाही, तिरकी, जणू दुसरीकडेच चाललोय अशी. "त्येंनी मान वर केली का थांबायचं," ते म्हणाले. सगळ्या माना एकदम वर आल्या की पुढची पायरी उडणं असते. आम्ही थांबलो, माना खाली गेल्या, पुन्हा थोडं सरकलो. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी, पाण्याची हलकी लाटही त्यातून कॅमेऱ्यात येते. मांडीवर तीच जुन्या चादरीची पिशवी, कोपर तिच्यावर. १/२५००. साडेनऊला पाण्यावरही हवा नाचायला लागली, तेव्हा कॅमेरा बॅगेत टाकला आणि भाकरी, शेंगाची चटणी काढली.

५ एप्रिल, छपाई

पहिला नमुना फ्लेक्सवर, सगळ्यात स्वस्त म्हणून. तपकिरी नाग तांबडा आला, घोणशीचे ठिपके काळे झाले, आणि ट्यूबलाइटखाली चकाकीमुळे कवड्याचे पट्टे दिसेनात. ज्या पोस्टरचं सगळं काम रंग आणि पट्ट्यांवर चालतं त्याला फ्लेक्स उपयोगाचा नाही. दुसरा नमुना मॅट विनाइलवर, फोम शीटला चिकटवून. खर्च साधारण तिप्पट, पण खवले मोजता येतात. छपाईवाल्याला फोटो देण्याआधी त्याच्याच मशीनवर हातभर लांबीची पट्टी छापून घ्यावी. फ्लेक्सचे आमचे १,१०० वाचले असते.

मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत घरात कन्नडच चालते आणि म्हाताऱ्या माणसांना मराठी वाचायचा कंटाळा. सापांची तिकडची नावं गावातल्याच लोकांना विचारून लिहिली.

खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत : साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला भाग हलवू नका, सरळ दवाखाना गाठा. फोटोंना जागा कमी पडली म्हणून हा मजकूर लहान करायचं छपाईवाल्याने सुचवलं. त्याऐवजी हललेली धामण लहान केली.

२० एप्रिल

लेन्स सोडून एकूण खर्च ३१ हजारांच्या आसपास. निम्म्याहून जास्त पेट्रोल, मग छपाई. पुन्हा करायचं झालं तर लेन्स भाड्याने आणून फक्त जून आणि डिसेंबरला काम केलं असतं, बाकी महिन्यांत मिळालेलं ओम्नीच्या पंपाच्या पावत्या बघता महाग पडलं.

मण्यार मिळाली नाही. ती रात्री उशिरा फिरते आणि आम्हाला दिसली ती कायम कुणाच्या तरी घरात, अण्णांच्या पिशवीत जाताना. तेव्हा काढलेले फोटो अटीत बसत नाहीत. कवड्याच्या शेजारची चौकट रिकामी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तिथे अण्णांच्या पुतणीने काढलेलं चित्र आहे, पाठीवरच्या षटकोनी खवल्यांसकट. पहिलं पोस्टर लावलं तेव्हा ग्रामपंचायतीतल्या शिपायाने सगळ्यात आधी त्या चित्रावरच बोट ठेवलं आणि म्हणाला, हा आमच्या गोठ्यात असतो. जुलैत तिथून सुरुवात, गोठ्याबाहेर, मालकाची परवानगी घेऊन.